माशाची टिक्की: चुरलेली की वाटलेली?

ताटात दोन्ही सारख्याच दिसतात: चपट्या, सोनेरी, शेजारी वाटीत सॉस. घोळ होतो तो टिक्की तव्यावर सुटायला लागली की. एकीचा उपाय दुसरीला केला, तर ती आणखी बिघडते.

चुरलेल्या टिक्कीत मासा आधीच शिजलेला असतो. शिजलेलं प्रोटीन पुन्हा चिकटत नाही, म्हणून मिश्रण धरून ठेवायचं काम बटाटा आणि अंड्याचं. काटे काढलेल्या ४०० ग्रॅम माशाला २५० ग्रॅम उकडलेला बटाटा आणि एक अंडं पुरतं. बटाटा सालासकट उकडा, सोलून त्याची वाफ पूर्ण जाऊ द्या, मगच कुस्करा. टिक्की फुटते ती बहुतेक वेळा बटाट्यातल्या पाण्यामुळे. टिक्क्या ब्रेडक्रंब्जमध्ये घोळवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मध्यम आचेवर एकेक बाजू तीन-चार मिनिटं. कड तपकिरी होईपर्यंत उलथनं लावायचंच नाही.

वाटलेल्या टिक्कीत मासा किंवा कोळंबी कच्ची असते आणि बांधणी मिठाची. मिठामुळे मायोसिन हे प्रोटीन सुटं होऊन चिकट होतं, तव्यावर घट्ट जाळं धरतं. ४०० ग्रॅमला ५ ग्रॅम मीठ घाला आणि मसाल्याच्या आधी नुसत्या मिठाबरोबर वाटा. चमचाभर मिश्रण उलटं धरलं तरी पडत नाही, तेव्हा झालं. मिक्सर तापला की मात्र सगळं रवाळ होतं आणि मग काही केल्या सुधारत नाही. मासा थंडगार घ्या, थांबत थांबत फिरवा, दोन चमचे बर्फाचा चुरा घाला. थायलंडची तोडमन प्ला याच जातीची: लाल करी पेस्ट, मकरूट लिंबाची पानं, बारीक चिरलेल्या चवळीच्या शेंगा. ती भरपूर तेलात तळतात. तव्यावर करायची तर जाडी एक सेंटिमीटरच्या आतच ठेवा. सुटेल या भीतीने यात ब्रेडक्रंब्ज घालू नका, सगळा लवचीकपणा जातो. सुटत असेल तर अजून घोटा.

सॉसही अदलाबदल करून चालत नाही. पातळ सॉस क्रंब्जचं आवरण मिनिटभरात मऊ करतो, म्हणून चुरलेल्या टिक्कीला दाट सॉस: चार चमचे मेयोनीज, चमचाभर चिरलेली आंबवलेली काकडी, लिंबू. वाटलेलीला आंबटगोड पातळ सॉस: अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी साखर, पाव वाटी पाणी, किंचित मीठ, पाक जरा चिकट होईपर्यंत उकळा. काकडी आणि मिरची पाक गार झाल्यावरच घाला, नाहीतर काकडी लिबलिबीत होते.