वर्गणीवर शिकलेला संगीतकार : जोसेफ पॅरी

दक्षिण वेल्समधल्या मर्थर टिडविल या गावात चॅपल रो नावाची घरांची एक छोटी ओळ आहे. कवार्थवा लोखंड कारखान्याने आपल्या कसबी कामगारांसाठी १८२०च्या दशकात ती बांधली. त्यातल्या ४ नंबरच्या घरात २१ मे १८४१ रोजी जोसेफ पॅरी जन्मला. त्या घराचं आता संग्रहालय झालं आहे. खोल्या इतक्या लहान की एवढ्या जागेत एवढं मोठं कुटुंब कसं मावत असेल, असं वाटतं.

वेल्सची पुरुष गायकमंडळं जगात कुठेही गेली तरी ‘मवान्वी’ हे गाणं म्हटल्याशिवाय श्रोते त्यांना सहसा सोडत नाहीत. आणि ‘अबेरिस्टविथ’ नावाची एक प्रार्थनेची चाल इंग्रजी बोलणाऱ्या चर्चेसमध्ये दीडशे वर्षं होत आली तरी गायली जाते. दोन्ही पॅरीच्याच. पण त्याच्या प्रतिभेची गोष्ट सांगताना त्याला घडवणारी माणसं बाजूला पडतात, ते मला बरं वाटत नाही. हा माणूस खऱ्या अर्थाने लोकांच्या वर्गणीवर शिकला. त्यामुळे आधी ती माणसं पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मर्थर हे वेल्समधलं सर्वांत मोठं गाव होतं. डाउलेस, कवार्थवा, पेनीडॅरन आणि प्लिमथ या चार कारखान्यांच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असत. आसपासच्या खेड्यांतून शेतमजूर आपली भाषा, आपला धर्म घेऊन तिथे आले. धर्म म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळी झालेली चॅपलं. ही चॅपलं लोकांनीच पैसे काढून बांधली आणि लोकांनीच चालवली. तिथे गाणं मूठभरांचं नव्हतं, जमलेली सगळी सभा गायची, आणि तेही चार आवाजांत.

आपल्याकडे भजनाला बसलेले सगळे एकच चाल धरतात. तिथे बायकांचे उंच आणि खालचे असे दोन आवाज, पुरुषांचे तसेच दोन, आणि चौघांच्या ओळी वेगवेगळ्या. त्या एकमेकींवर नीट बसल्या तरच गाणं उभं राहतं. शेजारच्याचा स्वर ऐकत आपला स्वर सोडायचा नाही, हे मूल आईच्या मांडीवर बसूनच शिकायचं. जोसेफची आई एलिझाबेथ चॅपलमध्ये गायची, वडील डॅनियल कारखान्यात लोखंड शुद्ध करण्याच्या कामावर होते. मालक क्रॉशे यांनी १८३८मध्ये पितळी वाद्यांचा एक बँड उभा केला होता. कारखान्याच्या गावात वाढणाऱ्या पोराच्या कानावर युरोपातल्या बड्या संगीतकारांच्या रचना पडल्या त्या या बँडमधून.

नवव्या वर्षी जोसेफ कोळशाच्या खाणीत उतरला. आठवड्याला ५६ तास काम. बाराव्या वर्षी कवार्थवाच्या भट्ट्यांवर गेला. हे काम काय होतं ते सांगायला हवं. कच्चं लोखंड भट्टीत वितळवायचं, दाराच्या भोकातून लांब सळई आत घालायची आणि तो पातळ धातू ढवळत राहायचा. त्यातला कार्बन जळत जातो तसा धातू घट्ट होत जातो, सळईला जड लागू लागतो. मग त्याचे गोळे करून बाहेर ओढायचे. तोंडावर आग, पाठीवर घाम, आणि क्षणभर हात थांबला तर माल वाया. असल्या कामावरच्या मुलाने पुढे ‘मवान्वी’सारखं हळुवार गाणं लिहिलं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे.

१८५३मध्ये वडील अमेरिकेला गेले, पुढच्या वर्षी बाकीचं कुटुंब गेलं. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावात लोखंडाचे कारखाने होते आणि तिथे वेल्श कामगारांची मोठी वस्ती होती. भाषा तीच, चॅपल तसंच, कामही तेच. जोसेफ तिथल्या रोलिंग मिलमध्ये, म्हणजे लोखंड लाटण्याच्या कारखान्यात, लागला. जॉन एबल जोन्स आणि जॉन प्राइस हे दोघे सहकारी कामगार संगीताचे जाणकार होते. पाळी संपल्यावर त्यांच्याकडे वर्ग भरायचा. सतरा वर्षांचा होईपर्यंत जोसेफला स्वरलिपी वाचता येत नव्हती, ती त्याला जोन्सने शिकवली. आवाजांची जुळणी कशी करायची ते प्राइसने शिकवलं. या दोघांची नावं संगीताच्या मोठ्या इतिहासांत सापडत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहे.

पुढची पायरी आइस्टेदवॉडची. वेल्समधला हा कवितेचा आणि गाण्याचा मेळा. स्पर्धक टोपणनावाने रचना पाठवतो, आणि परीक्षकाला समोरचा माणूस प्राध्यापक आहे की भट्टीवाला हे कळत नाही. पॅरीने आधी डॅनव्हिलच्या मेळ्यात बक्षीस मिळवलं, मग टपालाने थेट वेल्सला रचना पाठवायला सुरुवात केली. १८६३मध्ये स्वान्सीला आणि १८६४मध्ये लँडिडनोला त्याला बक्षिसं मिळाली. अमेरिकेतल्या गिरणीत काम करणारा मर्थरचा पोरगा बक्षिसं नेतो, ही बातमी वेल्सभर झाली. १८६५च्या अबेरिस्टविथच्या मेळ्यात तो स्वतः हजर राहिला. तिथे त्याला ‘पेनकेर्द अमेरिका’, म्हणजे अमेरिकेचा मुख्य संगीतकार, असं मानाचं नाव दिलं गेलं.

त्याला नीट शिकवायचं तर पैसे हवेत. पॅरीचं लग्न झालेलं, पदरात मूल. मग दोन्ही देशांतल्या वेल्श लोकांनी निधी उभा केला. पॅरी गावोगाव फिरून गाण्याचे कार्यक्रम करायचा, जमलेले पैसे निधीत जायचे. देणारे बहुतेक खाणीतले, भट्टीवरचे, दगडाच्या खाणींतले. त्या पैशांवर १८६८मध्ये तो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. रचना शिकवायला विल्यम स्टर्नडेल बेनेट आणि गायनाला मान्युएल गार्सिया, म्हणजे त्या काळातली सर्वांत मोठी नावं. १८७१मध्ये केंब्रिज विद्यापीठाची संगीताची पदवी त्याने घेतली, १८७८मध्ये डॉक्टरेट.

हे सगळं एका हुशार मुलाच्या कौतुकापोटी झालं असेल असं वाटू शकतं, पण त्यामागे एक ठसठसती जखम होती. १८४७मध्ये इंग्रज सरकारने वेल्समधल्या शिक्षणावर एक अहवाल काढला. वेल्श न येणाऱ्या आयुक्तांनी त्यात लिहिलं की हे लोक अडाणी आहेत, त्यांची नीती सैल आहे आणि त्यांची भाषा हाच प्रगतीतला अडथळा आहे. त्या अहवालाच्या निळ्या पुठ्ठ्यावरून लोक त्याला ‘निळ्या पुस्तकांचा दगा’ म्हणू लागले. पुढची पन्नास वर्षं वेल्श समाज आपण कोण आहोत ते दाखवून देण्याच्या जिद्दीने पेटलेला होता, आणि गाणं हे त्याचं सर्वांत भक्कम उत्तर ठरलं. १८७२ आणि १८७३मध्ये ग्रिफिथ रीस जोन्स नावाच्या लोहाराने सुमारे साडेचारशे गायकांचा ताफा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नेला आणि दोन्ही वर्षी चषक आणला. त्याच वाऱ्यावर पॅरी वर गेला.

आणखी एक गोष्ट जमून आली होती : सोल-फा. इंग्लंडमध्ये सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने सुरू केलेली आणि जॉन करवेन यांनी पसरवलेली ही लिपी आपल्या सरगमची जवळची नातेवाईक आहे. पाच रेघांवर ठिपके काढण्याऐवजी डो, रे, मी यांची नुसती आद्याक्षरं छापायची. आपला सा जसा कुठल्याही पट्टीत धरता येतो तसाच त्यांचा डो सरकतो. छपाई स्वस्त, शिकायला सोपी. १८६०च्या दशकापासून वेल्समध्ये चॅपलाचॅपलांतून संध्याकाळी हे वर्ग भरू लागले, आणि ज्याला पियानो परवडत नाही तोही चार आवाजांची रचना वाचून गाऊ लागला. पॅरीची गाणी झपाट्याने पसरली ती या अक्षरांवर बसून.

लंडनचं शिक्षण संपल्यावर पॅरी अमेरिकेला परत गेला होता, १८७४मध्ये तो तिथून कायमचा वेल्सला परतला. अबेरिस्टविथला समुद्रकाठच्या, हॉटेलसाठी बांधायला घेतलेल्या एका इमारतीत वेल्सचं नवं विद्यापीठ-महाविद्यालय दोन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. तेही चॅपलांतून जमलेल्या नाण्यांवर चाललेलं. तिथे पॅरी संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच्या आयुष्यातली सर्वांत सुपीक वर्षं हीच. ‘मवान्वी’ १८७५ची.

२१ मे १८७८ रोजी, म्हणजे स्वतःच्या वाढदिवशी, त्याने ‘ब्लोडवेन’ हा वेल्श भाषेतला पहिला ऑपेरा रंगमंचावर आणला. मध्ययुगीन वेल्समधल्या लढायांच्या काळातली प्रेमकथा, शब्द रिचर्ड डेव्हिस या कवीचे. जागा होती दारूबंदी चळवळीचं सभागृह. मोठा वाद्यवृंद कुठून आणणार? पियानो आणि हार्मोनियम यांच्या साथीवर, आणि साथीला पॅरीची स्वतःची मुलं. पेटीवर संगीत नाटक ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. नाटकाकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्या चॅपलवाल्या समाजाने हा ऑपेरा डोक्यावर घेतला. पुढच्या अठरा-वीस वर्षांत त्याचे सुमारे पाचशे प्रयोग झाल्याचं सांगतात.

‘अबेरिस्टविथ’ ही चाल १८७९मध्ये एका प्रार्थनासंग्रहात छापली गेली. चार्ल्स वेस्ली या अठराव्या शतकातल्या कवीचं, वादळात आसरा मागणारं एक जुनं प्रार्थनागीत तिच्यावर गायलं जातं. चाल कोमल गंधाराची, म्हणजे ते ज्याला मायनर म्हणतात तशी. सुरुवातीला ती षड्जाच्या आसपासच घुटमळते, जवळजवळच्या स्वरांवर, दबक्या आवाजात बोलल्यासारखी. मग उत्तरार्धात पायरी पायरीने वर चढत जाते. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी वर, आणि टोकाला पोचल्यावर परत खाली घरी. शब्द कळले नाहीत तरी माणूस काहीतरी जीव तोडून मागतो आहे एवढं कळतं. हजारभर माणसं ही चाल चार आवाजांत गातात तेव्हा खालच्या पुरुषी आवाजांची ओळ जमिनीखालून आल्यासारखी वाटते. पॅरीने आणखी काही लिहिलं नसतं तरी या एका चालीवर त्याचं नाव राहिलं असतं, असं माझं मत आहे.

महाविद्यालयाशी मात्र त्याचं फार दिवस जमलं नाही. विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव कार्यक्रम करणं त्याला आवडायचं, चालकांना ते खटकायचं. पैशाची चणचणही होती. १८८०मध्ये संगीत विभाग बंद झाला. पॅरी स्वान्सीला गेला, तिथे चॅपलचा ऑर्गनवादक झाला आणि संगीतशाळा चालवली. १८८८पासून तो कार्डिफच्या विद्यापीठ-महाविद्यालयात शिकवू लागला आणि शेजारच्या पेनार्थला राहू लागला.

या काळात त्याने प्रचंड लिहिलं. ‘इमॅन्युएल’, ‘सॉल ऑफ टार्सस’ यांसारखी बायबलवरची मोठी समूहगायनं, आणखी ऑपेरे, शेकडो चाली. यातलं बरंचसं आज कुणी गात नाही. त्याच्यावरचा जुना आक्षेप असा की तो फार भराभर लिहायचा, लिहिलेलं पुन्हा तपासायचा नाही. आक्षेप खरा आहे. पण लोक मागतील तेव्हा लिहून द्यायचं, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. ज्यांच्या पैशांवर तो शिकला त्यांना नाही म्हणणं त्याला कधी जमलं नसावं.

मुलांची नावं त्याने आवडत्या संगीतकारांवरून ठेवली होती : हेडन, मेंडेलसोन, आणि गुरूच्या नावावरून स्टर्नडेल. स्टर्नडेल १८९२मध्ये गेला. हेडन, जो स्वतः लंडनमध्ये संगीतकार म्हणून नाव काढत होता, १८९४मध्ये तिशी गाठण्याआधीच गेला. या दोन घावांनंतरही पॅरी काम करत राहिला. १७ फेब्रुवारी १९०३ रोजी पेनार्थला त्याचं निधन झालं. तिथल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या आवारात, समुद्राच्या वरच्या टेकडीवर, त्याची कबर आहे.

त्याचं गाणं कुठे कुठे पोचलं याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या ईनॉक सोंटोंगा या शिक्षकाने १८९७मध्ये रचलेली प्रार्थना पुढे त्या देशाच्या राष्ट्रगीताचा भाग झाली, आणि तिच्या चालीवर ‘अबेरिस्टविथ’ची छाया आहे असं अनेकांनी लिहिलं आहे. यावर एकमत नाही. दोन्ही चाली शेजारी ठेवून ऐकल्या तर मला स्वतःला साम्य अंधुकच वाटतं. मात्र मिशन शाळांतून सोल-फा आफ्रिकेत पोचली होती आणि सोंटोंगा त्याच लिपीत लिहायचा, एवढं पक्कं.

आपल्या देशातला धागा त्याहून स्पष्ट आहे. पॅरी जन्मला त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून १८४१मध्ये, टॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी खासी टेकड्यांतल्या सोहरा इथे, म्हणजे चेरापुंजीला पोचला. नंतर वेल्श मंडळी मिझो टेकड्यांतही गेली. त्यांच्याबरोबर चार आवाजांचं गाणं गेलं आणि सोल-फाही गेली. मिझोरमच्या चर्चमध्ये आजही लोक ती अक्षरं वाचून गातात. एखादा मिझो गायक आणि मर्थरचा एखादा खाणकामगार एका बाकावर बसले असते तर एकमेकांची भाषा न कळताही त्यांनी एकच पान वाचलं असतं.

आता ‘मवान्वी’. गाण्यातली मवान्वी कोण, यावर दोन मतं सांगतात. कुणी म्हणतं चौदाव्या शतकातली, लँगॉलेनजवळच्या किल्ल्यावर राहणारी सुंदरी, जिच्यावर एका कवीने जीव टाकला होता. कुणी म्हणतं ती मर्थरमधली पॅरीची बालमैत्रीण. शब्द मात्र पुन्हा रिचर्ड डेव्हिस यांचे, आणि प्रसंग साधा : ती रागावली आहे, तिचं प्रेम आटलं आहे, आणि प्रियकराला त्याचं कारण कळत नाही.

पॅरीने ते फक्त पुरुषांच्या चार आवाजांसाठी लिहिलं. सुरुवात अगदी हळू. खाण, भट्टी आणि गोदी यांवर कष्टलेले साठ-सत्तर दांडगे पुरुष एकत्र उभे राहतात आणि कुणी झोपलेलं जागं होऊ नये इतक्या बेताने विचारतात की तुझ्या काळ्याभोर डोळ्यांत हा राग का. तीन कडव्यांत तक्रार हळूहळू विरघळते. शेवटच्या कडव्यात तो म्हणतो, तुझं सगळं आयुष्य भर दुपारच्या लख्ख उन्हात जावो. मग तिचा हात मागतो, फक्त निरोपाचा एक शब्द बोलण्यापुरता. त्या शब्दावर चारही आवाज खाली उतरतात आणि सगळ्यांत खालचा आवाज सर्वांत शेवटी थांबल्यासारखा कानात राहतो.