दडपलेले प्रकरण उघड करताना : पीआयडीपीआय तक्रारीची पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

कार्यालयात दडपले जाणारे प्रकरण उघड करू पाहणाऱ्याची ओळख गुप्त राहावी, यासाठी केंद्र सरकारने 21 एप्रिल 2004 रोजी 'पीआयडीपीआय' (पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स, म्हणजे जनहितार्थ माहिती उघड करणे व माहिती देणाऱ्याचे संरक्षण) या नावाने ओळखला जाणारा ठराव काढला. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पातील गैरव्यवहाराविषयी अभियंता सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला लिहिलेले पत्र, नाव गुप्त ठेवण्याची विनंती असूनही, नावासकट कार्यालयांतून फिरले आणि नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा ठराव आला.

तक्रार केंद्र सरकार, केंद्रीय सार्वजनिक उपक्रम किंवा सरकारी बँका यांच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या भ्रष्टाचाराची अथवा पदाच्या गैरवापराची असावी लागते. राज्य सरकारचे मंत्रालय, जिल्हा परिषद वा महापालिकेतील प्रकरणे या कक्षेत येत नाहीत. बदली-बढतीची वैयक्तिक गाऱ्हाणीही नाहीत.

तक्रार टपालानेच, बंद लिफाफ्यातून, सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, नवी दिल्ली या पत्त्यावर पाठवावी. लिफाफ्यावर इंग्रजी अक्षरांत 'PIDPI' असे ठळक लिहावे, कारण ते नसल्यास पत्र सामान्य तक्रारींत जमा होते आणि संरक्षण मिळत नाही. प्रेषकाचे नाव लिफाफ्यावर घालू नये. ते आत, तक्रारीच्या सुरुवातीला, शेवटी किंवा सोबतच्या वेगळ्या पत्रात, पत्त्यासह द्यावे. निनावी तक्रार घेतली जात नाही.

खरी कसोटी मजकुराची आहे. तपशील पडताळता येण्याजोगा हवा, पण लिहिणारा कोण याचा सुगावा लागता कामा नये. जी टिपणी केवळ आपल्याच टेबलावरून गेली तिची छायाप्रत जोडणे म्हणजे स्वतःचे नाव सांगणेच. अशा वेळी फाइल क्रमांक आणि तारीख देणे शहाणपणाचे. हीच तक्रार इतरत्र पाठवू नये.

पोच मिळत नाही आणि पाठपुरावा न करणेच हिताचे असते. मात्र तक्रार आपणच केली असल्याची व ती अन्यत्र केली नसल्याची खात्री आयोग पत्राने मागतो. त्याचे उत्तर मुदतीत न दिल्यास प्रकरण पुढे सरकत नाही. तक्रारीमुळे छळ झाल्यास आयोगाकडेच संरक्षण मागता येते.

पुढे फौजदारी खटल्यात साक्ष द्यायची वेळ आली आणि जिवाला धोका वाटला, तर साक्षीदार संरक्षण योजना, 2018 खाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्यावर पोलिसांचा धोका-विश्लेषण अहवाल मागवून संरक्षणाचा आदेश होतो.