वल्ह्यांवर अटलांटिक: जॉन फेअरफॅक्सची मागची गोष्ट

एकट्याने होडी वल्हवत अख्खा महासागर पार करणारा पहिला माणूस म्हणजे जॉन फेअरफॅक्स, साल १९६९. पण हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं कुठून ते बघायचं तर आणखी ७३ वर्षं मागे जावं लागतं.

१८९६ मध्ये जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएल्सन हे न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिंपल्या काढून पोट भरणारे दोन मूळचे नॉर्वेजियन १८ फुटी उघडी होडी घेऊन न्यूयॉर्कहून निघाले आणि ५५ दिवसांनी इंग्लंडजवळच्या सिली बेटांना लागले. वाटेत होडी उलटली, खाणंपिणं वाहून गेलं, एका नॉर्वेजियन जहाजाने रसद दिली म्हणून निभावलं. ही गोष्ट फेअरफॅक्सने लहानपणी वाचली आणि ती त्याच्या डोक्यात पक्की बसली.

पोरगं आधीपासूनच वांड. १९३७ ला रोममध्ये जन्म, बाप इंग्रज, आई बल्गेरियन. इटलीत स्काउटच्या कॅम्पमध्ये भांडण झालं तर याने पिस्तूल काढून झोपडीवर गोळ्या झाडल्या, अर्थात हाकलला. मग आईबरोबर अर्जेंटिनात, तिथून तेराव्या वर्षी पळून जंगलात, विशीत प्रेमभंग झाला म्हणून जग्वारच्या तोंडी जायला निघाला आणि ऐनवेळी विचार बदलून त्यालाच गोळी घातली, पुढे पनामात स्मगलर लोकांबरोबर बंदुका, दारू, सिगारेटी. यातलं बरंचसं त्याच्याच तोंडून आलेलं आहे, तेव्हा मीठ थोडं चवीनुसार घ्या. पण पुढचं जे समुद्रावर केलं ते बघता सगळंच थाप असेल असं मला वाटत नाही.

१९६६ मध्ये हा विषय परत पेटला. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ या दोन ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी अमेरिकेतल्या केप कॉडहून निघून ९२ दिवसांत आयर्लंड गाठलं, ३ सप्टेंबरला. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड जॉन्स्टन आणि जॉन होर अशी दुसरी जोडीही अमेरिकेहून निघालेली होती. त्यांची 'पफिन' होडी ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या नौदलाच्या जहाजाला उलटी तरंगताना सापडली, माणसं नव्हती, रोजनिशी मात्र होती आणि तिच्यातली शेवटची नोंद नेमकी ३ सप्टेंबरची. वाचून अंगावर काटा येतो.

दोघांनी करून झालं होतं, म्हणजे आता उरलं ते एकट्याने. फेअरफॅक्स लंडनला आला, हाइड पार्कातल्या सर्पेंटाइन तलावात रोज वल्हवायची प्रॅक्टिस करायला लागला (हो, बागेतल्या तलावात!), आणि होडीचं डिझाइन केलं उफा फॉक्स यांनी. दुसऱ्या महायुद्धात विमानातून समुद्रात सोडायच्या लाइफबोटी ज्यांनी बनवल्या तेच हे. 'ब्रिटानिया' नावाची ही होडी उलटली तरी आपोआप सुलटी व्हायची आणि आत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर जायचं.

आता खरी मेख रस्ता निवडण्यात आहे. महासागरात माणूस नुसत्या हातांच्या जोरावर पुढे जात नाही, वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जात जात थोडंफार वळण देतो, समोरून वारा आला तर होडी दिवसभर वल्हवूनही मागे जाते. फेअरफॅक्सने २० जानेवारी १९६९ ला आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या ग्रान कॅनरिया या स्पॅनिश बेटाहून पश्चिमेला सुरुवात केली, तिकडे व्यापारी वारे (पूर्वेकडून सतत वाहणारे) पाठीशी, हवा उबदार, पण अंतर प्रचंड. टॉम मॅक्लीन नावाचा एक ब्रिटिश सैनिक त्याच्यानंतर जवळपास चार महिन्यांनी, १७ मेला, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून उलट दिशेने निघाला. थंडी आणि वादळं, पण रस्ता जवळचा आणि पश्चिमेचे वारे मागून ढकलणारे. तो ७० दिवसांत आयर्लंडला पोचला, २७ जुलैला. फेअरफॅक्सला १८० दिवस लागले, पण तो फ्लोरिडातल्या हॉलिवूड बीचवर (सिनेमावालं हॉलिवूड वेगळं) १९ जुलैला लागला होता. मान आठ दिवसांनी हुकला, मॅक्लीनला काय वाटलं असेल!

१९ जुलै म्हणजे अपोलो ११ चंद्राच्या कक्षेत शिरलं तो दिवस, पेपरात जागा कुणाला मिळणार ते सांगायला नको. पण त्याच अंतराळवीरांनी नंतर फेअरफॅक्सला पत्र पाठवून अभिनंदन केलं, म्हणाले की आमच्यामागे हजारो माणसं होती, तू एकट्याने केलंस.

मग १९७१-७२ मध्ये पॅसिफिक, पण या वेळी सिल्व्हिया कुकबरोबर. ही त्याला भेटली होती त्याने पहिल्या मोहिमेच्या मदतीसाठी पेपरात दिलेल्या जाहिरातीमुळे. सॅन फ्रान्सिस्को ते ऑस्ट्रेलियाचं हेमन बेट, ३६१ दिवस. वाटेत शार्कने याचा दंड फाडला, शेवटी शेवटी चक्रीवादळात सापडले आणि लोकांनी दोघांनाही मेलेलं धरलं होतं. महासागर वल्हवून पार करणारी पहिली बाई सिल्व्हिया, हे नाव मात्र फारसं कुणाला माहीत नसतं, आणि हे मला खटकतं.

त्यानंतर फेअरफॅक्सने मोठी मोहीम केली नाही. अमेरिकेत बाकारा हा पत्त्यांचा जुगार खेळून पोट भरायचा, आणि २०१२ मध्ये ७४ व्या वर्षी नेवाडाच्या वाळवंटात, लास व्हेगासजवळच्या हेंडरसनमध्ये गेला.