आजोबा-पणजोबांच्या कारावासाची नोंद कशी मिळवावी? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

ब्रिटिश काळात तुरुंगात गेलेल्या नातेवाइकाची नोंद हवी असली की बहुतेक जण थेट येरवड्याला किंवा नाशिक रोडला पत्र धाडतात. 'जुने अभिलेख उपलब्ध नाहीत' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि शोध तिथंच संपतो. पण तुरुंगाचा रोजचा कारभार कागदावर चालायचा आणि त्यातले कितीतरी कागद तुरुंगाबाहेर जायचे. कोणता कागद कुठे गेला हे समजलं की अर्ज कुठे करायचा हेही ठरतं.

तुरुंगात काय लिहिलं जात असे?

मुंबई इलाख्यातल्या तुरुंगांचा कारभार १८९४ च्या कारागृह कायद्यावर चालत असे. त्याच्या कलम १२ प्रमाणे सुपरिंटेंडेंटला दाखल कैद्यांची नोंदवही, सुटकेच्या तारखांची वही, शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद ठेवावी लागे. आत येताच डॉक्टर तपासणी करत. अंगावरच्या जखमा, खुणा आणि सक्तमजुरी असेल तर कोणत्या प्रतीचं काम झेपेल, हे लिहून ठेवलं जाई.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे प्रत्येक कैद्याचं हिस्टरी तिकीट, म्हणजे त्याच्या तुरुंगवासातल्या नोंदींचं कार्ड. कलम ३५ नुसार मजुरी करणाऱ्या कैद्याचं वजन निदान पंधरवड्यातून एकदा या तिकिटावर नोंदवणं बंधनकारक होतं. काम दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि एखाद्या कामानं प्रकृती ढासळते आहे असं डॉक्टरला वाटलं तर त्या माणसाला त्या कामावर ठेवायचं नाही, असा नियम होता. असं तिकीट हाती लागलं तर वजनाचे आकडे ओळीनं वाचा. चक्कीवर किंवा काथ्याच्या कामावर असलेल्या माणसाचं वजन पंधरवड्यागणिक उतरत गेलेलं दिसलं, तर त्याला आत काय सोसावं लागलं हे त्याच्या कुठल्याही पत्रापेक्षा स्पष्ट कळतं. पत्रं तपासून बाहेर सोडली जात. वजन मात्र जसं भरलं तसं लिहायचं असे.

शिक्षांची वहीसुद्धा अशीच बोलकी असते. कामात मुद्दाम आळस करणं हा तुरुंगातला गुन्हा होता. त्यासाठी आणखी कठीण काम, तरटाचे कपडे, बेड्या, एकांतकोठडी, एवढंच काय, फटकेही देता येत. उलट चांगल्या वागणुकीवर आणि नेमून दिलेलं काम पुरं करण्यावर 'माफी', म्हणजे शिक्षेच्या मुदतीत सूट, मिळे. काही कैद्यांना वॉर्डर म्हणून इतर कैद्यांवर नेमत, आणि कायद्याच्या दृष्टीनं ते तेवढ्यापुरते सरकारी नोकर ठरत.

नोंद वाचताना दोन चुका हमखास होतात. साधी कैद असलेल्याला काम सक्तीचं नव्हतं, त्यामुळे कामाचा रकाना कोरा दिसला तर नोंद अपुरी आहे असं समजू नका. दुसरं, शिक्षेच्या मुदतीवरून सुटकेची तारीख काढू नका. टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, पण ते सुमारे वर्षभरातच सुटले.

अर्ज कुठे करायचा?

आधी घर धुंडाळा. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राचं निवृत्तिवेतन मिळू लागलं आणि १९८० च्या योजनेत त्यासाठी किमान सहा महिन्यांचा कारावास (स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने) दाखवावा लागे. त्या वेळी काढलेला तुरुंगाचा दाखला जुन्या ट्रंकेत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या फायलीत असण्याची शक्यता बरीच असते.

मग न्यायालय. शिक्षा पुरी झाली की वॉरंटवर (कैद्याला तुरुंगात ठेवण्याच्या न्यायालयाच्या लेखी हुकमावर) तसा शेरा मारून ते न्यायालयाकडे परत पाठवायचं, असा १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा नियम होता. म्हणून जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करा. खटल्याचा क्रमांक नसला तरी साल, तालुका आणि कलम द्या.

तिसरं ठिकाण पुराभिलेख संचालनालय, म्हणजे राज्य सरकारचं जुनी दप्तरं जपणारं खातं. मुंबईचं मुख्य कार्यालय फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे ज्युडिशियल डिपार्टमेंट (न्याय खातं) आणि होम स्पेशल (गृह खात्याची विशेष शाखा) या दप्तरांत कैद्यांचे अर्ज, बदल्या, उपोषणं यांचे कागद सापडतात. तुरुंगांचे वार्षिक अहवालही पाहा. त्यात नावं क्वचितच असतात, पण कोणत्या तुरुंगात कसलं काम चाले हे कळतं.

मात्र तेव्हाची हद्द लक्षात ठेवा. विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, म्हणून आधी नागपूर. मराठवाडा निजामाकडे होता, तेव्हा हैदराबादलाही विचारा. बेळगावचा हिंडलगा तुरुंग आता कर्नाटकात आहे. कैद्यांना हलवतही असत. सावरकर अंदमानातून १९२१ मध्ये रत्नागिरीला, तिथून येरवड्याला गेले आणि १९२४ मध्ये सुटले. एकाच माणसाचे कागद असे तीन ठिकाणी विखुरतात.

पात्रता आणि कागदपत्रे

माहिती अधिकाराखाली कोणताही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो आणि कारण सांगावं लागत नाही. तरीही वारस असल्याचा पुरावा (वंशावळ, मृत्यू दाखला) जोडावा, म्हणजे 'खासगी माहिती' म्हणून नकार देणं अवघड जातं. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत बसवा. पुराभिलेखागारात स्वतः जाऊन शोधणार असाल तर ओळखपत्र, आणि संशोधक असाल तर संस्थेचं शिफारसपत्र जवळ ठेवा.

मजकूर असा लिहा: '(पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका) हे अंदाजे (साल ते साल) या काळात आपल्या कारागृहात होते. त्यांची दाखल नोंद, सुटकेची नोंद, हिस्टरी तिकीट व शिक्षा नोंद यांच्या प्रती द्याव्यात. अभिलेख इतरत्र पाठवले असल्यास कार्यालयाचे नाव व तारीख, आणि नष्ट केले असल्यास त्या आदेशाची प्रत द्यावी.'

शेवटचं वाक्य गाळू नका. एका ओळीच्या नकाराला खरं उत्तर तेच आहे. नावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे द्या, कारण नोंदी कारकुनाच्या कानावर अवलंबून असत.

आजोबा सत्याग्रही नव्हते, चोरीच्या किंवा मारामारीच्या गुन्ह्यात आत होते, म्हणून कित्येक घरं विचारायलाच कचरतात. कचरू नका. त्या काळच्या तुरुंगातली चक्की, सतरंज्या, काथ्या, खडी हे सारं मुख्यतः अशाच माणसांच्या हातांनी चाले, आणि त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे. अर्ज, शुल्क आणि हक्क त्यांच्या वारसांनाही तेच आहेत.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते अपुरं वाटलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करा. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. प्रत्येक अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.