रबरसिंगचं खानदेशी खानदान

खानदेशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एखादा तुकडा फिरत नाही असा आठवडा जात नाही. चित्र दाक्षिणात्य नाहीतर हॉलिवूडच्या पिक्चरचं, आवाज मात्र अहिराणी. तलवार उपसलेला राजा सेनापतीला कापसाचा भाव विचारतो आणि खाली कुणीतरी लिहितं, "हाशी हाशी पोट दुखाले लागनं भो!" हे सगळं मोबाईलनं आणलं असं म्हणणाऱ्यांना बरंच मागे न्यावं लागेल.

सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाचे तंबू लागत. गवळण सुरू झाली की मावशी साक्षात कृष्णाला फैलावर घेई. समोर बसलेले भाविकच होते आणि मोठ्यानं हसणारेही तेच. ज्याच्यावर जीव आहे त्याचीच टर उडवायची, ही मुभा इथल्या प्रेक्षकाला फार जुनी आहे.

पुढे देवाच्या जागी हिरो आले. १९७५ साली 'शोले' आला आणि गाण्यांइतकेच त्याचे संवादही खपले. त्यांच्या रेकॉर्डी, मग कॅसेटी निघाल्या. लग्नाच्या मांडवात, गणपतीत भोंग्यावर संवाद वाजत. पिक्चर न पाहिलेल्यांनाही ते पाठ. नकलेला हे पाठांतरच लागतं, कारण मूळ ठाऊक नसेल तर विनोद पडतो. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, ओट्यावर मांडायचा आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर संपवायचे. आवडलेली मारामारी मागे नेऊन पुन्हा पाहता येते, हा शोध तेव्हाचा.

या सगळ्याचं पीक आलं मालेगावात. (मालेगाव खानदेशात धरायचं की नाही, यावर कसमादेवाले, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा भागातले लोक, भांडतील. पण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला त्याआधी तो मुलूख खानदेशातच होता.) उत्तरेतून आलेल्या विणकरांनी वाढवलेलं हे यंत्रमागांचं गाव. आठवडाभर खडखडाट, शुक्रवारी माग बंद आणि थिएटर भरलेलं. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिरनं २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. गब्बरचा झाला रबरसिंग, बसंतीची बासमती आणि डाकू आले सायकलींवर. घोडे परवडणारे नव्हते हे खरं, पण डाकू पायडल मारताना दिसला की जी मजा येते ती घोड्यावर कुठली! काम करणारे मागावरचे आणि दुकानावरचे, कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा.

अशा पिक्चरला स्वस्त नक्कल म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. मूळ पिक्चर फ्रेमन् फ्रेम ओळखणारा माणूसच त्यातली कुठली चौकट ढिली करायची हे जाणतो. नासिरच्याच पुढच्या पिक्चरमधल्या मालेगावच्या सुपरमॅनचंच बघा. हा सुपरमॅन काडीसारखा, पायात स्लिपर, चड्डीचा नाडा लोंबतोय. आणि त्याचं वैर तंबाखूशी. ती भूमिका शफीक नावाच्या यंत्रमाग कामगारानं केली. हे शूटिंग कसं झालं ते फैज़ा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात दिसतं. तो २०१२ मध्ये थिएटरांत लागला, तोवर शफीक तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता. त्याचं हसू पाहताना हे आठवतंच. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' केला, तो २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. म्हणजे ज्या मुंबईची नक्कल मालेगावानं केली, तीच मुंबई मालेगावाची गोष्ट सांगू लागली.

सीडीचा धंदा बसल्यावर ही मंडळी यूट्यूबवर गेली. 'छोटू दादा'च्या व्हिडिओंवर खानदेश हे नाव ठळक छापलेलं असतं; भाषा हिंदी असली तरी प्रेक्षक पार बिहारपर्यंतचा. अहिराणी डबिंगवाल्यांना तर कॅमेराही लागत नाही, एक मोबाईल आणि गावातला एखादा बेरकी आवाज पुरतो.

पाठांतराची अट मात्र आता सुटत चाललीय. माझ्या भाच्यानं त्या तलवारवाल्या राजाचा मूळ पिक्चर पाहिलेलाच नाही. परवा टीव्हीवर लागला तेव्हा पाच मिनिटं बघून तो म्हणाला, "मामा, हाऊ राजा हिंदीमा कसाले बोली ऱ्हायना?"