चाकातली मोटर: घेण्याआधी आणि घेतल्यावर

हब मोटरच्या स्कूटरला साखळी, पट्टा, गिअरबॉक्स काहीच नसतं. एक्सल स्विंग आर्ममध्ये (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यात) आवळलेला असतो, तो फिरत नाही. त्यावर तांब्याच्या गुंडाळीचा स्टेटर, आणि भोवती आतून चुंबकं चिकटवलेलं कवच. ते कवच म्हणजेच चाक. कल्पना नवी नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातली लोनर-पोर्शे पुढच्या चाकांतल्या मोटरींवरच चालायची.

मोटर कुणी घ्यावी, ते आधी बघू. सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाला साधारण १ किलोवॅट लागतो, तो ही मोटर आरामात देते. घाटाचं गणित वेगळं. डबलसीट गाडीचं एकूण वजन २३० किलो आणि शंभर मीटरला दहा मीटर चढ धरला, तर २० च्या वेगालाच चाकावर जवळपास दीड किलोवॅट लागतो. गिअर नसल्यामुळे चाक हळू तर मोटरही हळू, आणि जोर वाढवायचा तर करंट वाढवावा लागतो. करंट दुप्पट झाला की गुंडाळीतली उष्णता चौपट. म्हणून रोज डबलसीट घाट चढणाऱ्याला आम्ही हब मोटर सुचवत नाही. मोटर चाकात नसून गाडीच्या मध्यभागी आणि गिअर किंवा पट्टा असलेली गाडी बघा.

आता बिघाड. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सलला तेवढ्याच जोराने उलटं पिळते. हा पीळ नट नव्हे, तर एक्सलच्या चपट्या बाजू आणि दात असलेला वॉशर झेलतात. वॉशर उलटा बसला किंवा नट ढिला राहिला, तर एक्सल खाचेत फिरतो आणि त्याच्या पोटातून येणारी केबल पिळवटून तुटते. तिच्यातल्या, मोटरला करंट नेणाऱ्या तीन जाड वायरी एकमेकींना चिकटल्या की त्यांना करंट पुरवणारा कंट्रोलरही जातो. हे बहुतेक वेळा पंक्चर काढल्यानंतर घडतं. म्हणून चाक खोलण्याआधी एमसीबी (बॅटरीचा मुख्य स्विच) खाली करा, दोन्ही बाजूंच्या वॉशरचा फोटो काढा, कनेक्टर सोडवा. चाक केबलवर लटकू देऊ नका. बसवताना एक्सल खाचेत तळापर्यंत गेलाय ना, ते डोळ्यांनी पाहा; नट नंतर.

पाणी शिरतं ते केबलच्या तोंडातून आणि सीलमधून. तापलेलं चाक साचलेल्या पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. घाट उतरून लगेच डबक्यात गाडी घालू नका, वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप चाकाच्या मध्यावर धरू देऊ नका. केबल मोटरमध्ये शिरण्याआधी खाली झुकलेली हवी, म्हणजे थेंब तिथेच गळतो.

चाक अडखळत, जड फिरतंय? एमसीबी खाली ठेवूनच कंट्रोलरकडच्या तीन जाड वायरी सोडवा, एकमेकींपासून लांब धरा आणि चाक हाताने फिरवा. मोकळं झालं तर दोष कंट्रोलरमध्ये. तरीही जडच, तर मोटर किंवा तिची केबल शॉर्ट आहे. (चुंबकांमुळे हलकेच टक-टक जाणवते, ती चालते.)

गाडी जागेवरच थरथरते, पण ढकलली की पळते? मग हॉल सेन्सर, म्हणजे चाक कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे मोटरमधले तीन सेन्सर. या तपासणीला एमसीबी चालू हवा. बारीक वायरींत लाल-काळीवर सुमारे ५ व्होल्ट येतोय का बघा. मग चाक सावकाश फिरवत पिवळी, हिरवी, निळी एकेक तपासा. प्रत्येकीवर व्होल्टेज शून्य आणि ५ च्या दरम्यान उड्या मारायला हवं. एकीवर अडकलं की तो सेन्सर गेला. सेन्सर स्वस्त, मोटर उघडणं कष्टाचं, म्हणून आम्ही तिन्ही एकदम बदलतो. झाकण घरी उघडू नका: चुंबकं स्टेटरला खेचून घेतात आणि मध्ये बोट सापडतं.

२५० वॅटपेक्षा कमी, ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंतच्या गाडीला नोंदणी, लायसन्स लागत नाही. पेट्रोल स्कूटरला मोटर बसवायची असेल तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद हवीच. त्याशिवाय आम्ही बसवून देत नाही.