आखलेली वाट खेळाडूंनी सोडली तर काय करावे? गेम मास्टरसाठी माहितीपत्रक

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात टेबलाभोवती बसून खेळाडू एकेक पात्र वठवतात, आणि गेम मास्टर कथा व बाकीची सर्व माणसे सांभाळतो. अशा खेळाचा संच घेतलेले ग्राहक पुढे बहुधा एकच अडचण सांगतात. साहसाची कथा वाचून झालेली असते, नकाशाही काढून ठेवलेला असतो, आणि खेळ सुरू होतो न होतो तोच खेळाडू भलत्याच दिशेला निघून जातात. अशा वेळी आणखी एखादे तयार साहस विकत घ्यावे का, असे ते विचारतात. हे सांगण्यात आमचेच नुकसान असले, तरी घेऊ नये असे आमचे मत आहे. कारण दुसऱ्या साहसातही खेळाडू तेच करणार.

आयत्या वेळी सुचण्यासाठीही तयारी लागते, फक्त ती वेगळी असते. काय काय घडणार याचा क्रम लिहून ठेवण्याऐवजी कोणाला काय हवे आहे आणि खेळाडूंनी हस्तक्षेप केला नाही तर तो काय करील, एवढेच लिहावे. समजा, किल्ल्यातून एका कैद्याला सोडवायचे आहे. किल्लेदाराला हिवाळ्यापूर्वी खंडणी हवी आहे, त्याच्या दुय्यमाला किल्लेदाराची जागा हवी आहे, आणि कैद्याला काही कारणाने सुटकाच नको आहे. या तीन ओळी हाताशी असल्या, की खेळाडूंनी दोर लावून तट चढला, व्यापाऱ्यांचे सोंग घेतले किंवा सरळ लाच देऊ केली, तरी समोरचा कसा वागेल हे फारसा विचार न करता सांगता येते.

खरी तारांबळ उडते ती किरकोळ माणसांपाशी. खेळाडू किल्ल्याकडे जाण्याचे सोडून नदीकाठच्या नावाड्याशी गप्पा मारू लागतात आणि त्याचे नाव विचारतात. यासाठी वीसेक नावांची यादी जवळ असावी; तिच्यातले पुढचे नाव उचलावे आणि त्याला एक गरज व एक लकब जोडावी. ही गरज शक्यतो आधीच खेळात असलेल्या एखाद्या गोष्टीशी बांधावी. नावाड्याची होडी किल्लेदाराकडे गहाण आहे आणि बोलताना तो सारखा पैलतीराकडे पाहतो, एवढे ठरवले की पुरे. खेळाडू किल्ल्यापासून दूर गेल्यासारखे वाटले, तरी किल्ला त्यांच्या संभाषणात आलेला असतो.

नावाडी त्यांच्याशी कसा वागेल हे ठरत नसेल, तर फाशांवर सोपवावे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 मधील ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळातच यासाठी तक्ता होता, आणि तो आजही उपयोगी पडतो. सहा बाजूंचे दोन फासे टाकावेत. बेरीज 2 ते 5 आली तर वागणूक प्रतिकूल, 6 ते 8 आली तर अनिश्चित, 9 ते 12 आली तर अनुकूल. दोन फाशांच्या एकूण 36 जोड्यांपैकी 16 जोड्या मधल्या गटात पडतात आणि कडेच्या दोन्ही गटांत प्रत्येकी 10. त्यामुळे अनोळखी माणूस बऱ्याचदा ना हत्यार उपसतो ना गळ्यात पडतो, आणि बोलणी करायला वाव राहतो. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असेल, तर मात्र फासे टाकू नयेत.

आयत्या वेळी उभ्या राहणाऱ्या नाटकातला ‘हो, आणि’ हा नियम, म्हणजे समोरच्याने मांडलेले मान्य करून त्यात भर घालणे, येथेही चालतो, पण सरसकट नव्हे. जे आधी ठरले आहे त्याच्याशी विसंगत मागणी आली, तर स्पष्ट नकार द्यावा. फासे विरुद्ध पडल्यावर ‘काहीच झाले नाही’ असे सांगणे आम्हाला सर्वांत घातक वाटते. कुलूप उघडताना डाव फसला तर कुलूप उघडू द्यावे, मात्र त्याच क्षणी जिन्यावर पहारेकऱ्याची पावले वाजू द्यावीत. रहस्यकथेत एका निष्कर्षापर्यंत नेणारे निदान तीन धागे ठेवावेत, कारण एखादा खेळाडूंच्या नजरेतून निसटतो आणि एखाद्याचा ते भलताच अर्थ लावतात.

काहीच सुचेनासे झाले, तर प्रश्न खेळाडूंकडेच वळवावा: ‘या गावात तुझ्या ओळखीचे कोण राहते?’ तेवढ्यानेही भागले नाही, तर पाच मिनिटांची सुट्टी मागावी. त्यात कमीपणा नाही. मात्र दोन वाटांपैकी कोणतीही निवडली तरी तोच राक्षस समोर आणण्याची युक्ती आम्ही सुचवणार नाही. ती एकदा लक्षात आली, की खेळाडू निवड करण्यात मन घालत नाहीत.

आयत्या वेळी ठरलेले सर्व काही खेळ संपताच लिहून ठेवावे. नावाड्याचे नाव गेम मास्टर विसरतो, खेळाडू विसरत नाहीत. आमच्या संचातील नावांच्या यादीत प्रत्येक नावापुढे मोकळा रकाना आहे. ते नाव कोणाला दिले, कोठे दिले आणि त्या माणसाने कोणते वचन दिले, हे त्यात टिपून ठेवावे.